टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं? आधी डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट वाचा!

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, एमआयडीसीपासून जवळच. गेल्या उन्हाळ्यात मी ऑनलाइन टीडीएस मीटर मागवलं आणि घरच्या बोअरच्या पाण्यात बुडवलं. आकडा आला 480. मानकात 500 पर्यंत चालतं, म्हणून मी आईला बिनधास्त पाणी प्यायला सांगितलं. नंतर स्नो यांच्याबद्दल वाचलं आणि आपली घाई झाली हे कळलं.

कोण होते स्नो?

जन्म 1813, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. वडील मजूर. 14 व्या वर्षी ते एका डॉक्टरच्या हाताखाली शिकायला गेले आणि पुढे लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं.

तेव्हा कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो असं बहुतेक डॉक्टर मानायचे. स्नो यांचा संशय पाण्यावर होता. 1854 मध्ये ब्रॉड स्ट्रीट भागात दहा दिवसांत 500 च्या वर माणसं गेली. स्नो यांनी घरोघर चौकशी केली, मृत्यू नकाशावर मांडले. बहुतेक एकाच हातपंपाभोवती होते. पाणी दिसायला ठीकच होतं! तरी 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण नकाशा खोटा नव्हता.

मिठाची टेस्ट

दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. कुणाकडे कुठला, हे भाडेकरूंनाच माहीत नसायचं. स्नो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचे. मीठ जास्त असेल तर दाट पांढरा गाळ बसायचा. म्हणजे ते पाणी शहरातल्या थेम्सचं, जिथे भरतीचं खारं पाणी आणि गटारं दोन्ही मिसळायची. निकाल काय? दर 10,000 घरांमागे तिथे 315 मृत्यू, तर दुसऱ्या कंपनीकडे 37.

मिठाने कुणी मेलं नाही. मिठाने फक्त पाणी कुठून येतंय ते सांगितलं.

1858 मध्ये, 45 व्या वर्षी स्नो गेले. त्यांचं म्हणणं तेव्हाही अनेकांना पटलेलं नव्हतं.

मग आपण काय करायचं?

आपलं मीटरही विरघळलेले क्षारच मोजतं. शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. 480 च्या आकड्यात ते दिसणारच नाही. जंतूही दिसत नाहीत. आणि पाणी उकळलं तर जंतू मरतात, शिसं तसंच राहतं.

म्हणून दर आठवड्याला आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. अचानक बदलला तर पाण्यात काहीतरी नवीन मिसळतंय असं समजा. ग्रामपंचायतीकडे फील्ड टेस्ट किट आहे का विचारा. जड धातूंसाठी मात्र प्रयोगशाळाच लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा, नमुना कसा घ्यायचा तेही तिथेच विचारा.

मी आमच्या बोअरचा नमुना दिलाय. रिपोर्ट येईपर्यंत आईला त्या पाण्याबद्दल छातीठोकपणे काही सांगणार नाही.