हापशाचा दांडा

पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षे काढली. त्यामुळे मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर मला आमच्या धंद्याचे मूळपुरुष आठवले, डॉ. जॉन स्नो.

जन्म १८१३ चा, इंग्लंडमधील यॉर्कचा. वडील मजूर. चौदाव्या वर्षी स्नो न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे उमेदवारीला लागले आणि तिथल्या खाणकामगारांत त्यांनी पटकी जवळून पाहिली. पुढे लंडनला भूल देण्यात नाव कमावले; १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला.

पटकी घाणेरड्या हवेतून पसरते, असे तेव्हाच्या बड्या डॉक्टरांचे मत. स्नो १८४९ पासून सांगत होते, पाण्यातून. पण ऐकतो कोण?

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास माणसे पटापट मरू लागली. सहाशेहून अधिक गेली. स्नो दारोदार फिरून विचारीत, पाणी कुठून आणता? मेलेल्यांची बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाला जवळची निघाली. मला मात्र अपवादच जास्त बोलके वाटतात. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे, दगावली फक्त ५. त्यांची विहीर वेगळी होती. बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते हापशाचे पाणी पीतच नसत! आणि दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई गेली. चव आवडते म्हणून ती याच हापशाचे पाणी मागवीत असे.

८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही सांगायला हवे. तो प्रसिद्ध नकाशा त्यानंतरचा: प्रत्येक मृत्यूमागे घराच्या जागी एक काळी रेघ. पाळक हेन्री व्हाइटहेड यांना आधी हे पटले नव्हते. पण हापशाशेजारच्या घरातील आजारी तान्ह्या मुलीची दुपटी धुतलेले पाणी विहिरीलगतच्या मैलाखड्ड्यात जात होते, हे पुढे त्यांनीच शोधले.

एका पावसाळ्यात आमच्या वसाहतीत कावीळ वाढली, तेव्हा मीही नकाशावर टाचण्या टोचल्या होत्या. सगळ्या एकाच गल्लीत. वरिष्ठांना पटून रस्ता खोदेपर्यंत तीन आठवडे गेले. नळ गटारातूनच गेलेला निघाला. तेवढ्यात आणखी अकरा घरांत कावीळ पोचली होती. आता मुले मोबाइलवर रुग्णाची जागा तिथल्या तिथे नोंदवतात.

स्नो १६ जून १८५८ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला, तो १८८४ मध्ये.