आंद्रिया मोहोरोविचिच

क्रोएशिया देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर वोलोस्को नावाचे एक लहान गाव आहे. तेथे २३ जानेवारी १८५७ रोजी आंद्रिया मोहोरोविचिच यांचा जन्म झाला. वडील लोहार होते. ते जहाजांचे नांगर बनवत. आंद्रिया तान्हे असतानाच आई वारली. मुलगा मात्र हुशार निघाला. पंधराव्या वर्षी त्याला मातृभाषेखेरीज आणखी तीन भाषा येत होत्या.

प्राग शहरात गणित व पदार्थविज्ञान शिकून ते शिक्षक झाले. शिकवता शिकवता त्यांना ढगांच्या निरीक्षणाचा नाद लागला. १८९२ साली ते झाग्रेब येथील वेधशाळेचे प्रमुख झाले. भूकंपाच्या अभ्यासाकडे ते चाळिशी उलटल्यावरच वळले.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळ कुपा नदीच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला. भूकंपाच्या लहरी जमिनीतून दूरवर जातात आणि यंत्रांवर त्यांच्या रेघा उमटतात. मोहोरोविचिच यांनी युरोपातील अनेक वेधशाळांकडून या नोंदी मिळवल्या. त्या तपासताना ते चकित झाले. सुमारे ३०० ते ७०० किलोमीटर अंतरावरील ठिकाणी एकाच प्रकारची लहर दोनदा पोहोचली होती! दुसऱ्या कोणी यंत्राचा दोष समजून ते कागद बाजूला ठेवले असते. ते मात्र आकडेमोड करत बसले.

असे समजा, दोन मित्र एकाच वेळी गावातून निघाले. एक जवळच्या खडबडीत वाटेने गेला. दुसरा वळसा घालून पक्क्या सडकेवर गेला. मुक्काम लांबचा असेल, तर वळसा घालणाराच आधी पोहोचतो. लहरींचेही तसेच झाले होते. एक लहर वरच्या थरातून, सेकंदाला सहा किलोमीटरहून कमी वेगाने आली. दुसरी खोल उतरली. तेथील वेगळ्या खडकातून ती सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने धावली आणि पुन्हा वर आली. म्हणजे पृथ्वीचे कवच एका ठरावीक खोलीवर संपते व त्याखाली दुसरा थर, म्हणजे प्रावरण, सुरू होते. ही खोली त्यांनी ५४ किलोमीटर काढली. १९१० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

ही सीमा सगळीकडे सारख्या खोलीवर नाही. खंडांखाली ती सरासरी ३५ किलोमीटरवर असते, तर समुद्रतळाखाली अवघ्या पाच ते दहा किलोमीटरवर.

१८ डिसेंबर १९३६ रोजी झाग्रेब येथे मोहोरोविचिच यांचे निधन झाले. त्यांच्या लांबलचक नावाचे पहिले दोनच अक्षर घेऊन शास्त्रज्ञ या सीमेला 'मोहो' म्हणतात. १९६१ साली अमेरिकेने समुद्रतळ खोदून तेथे पोहोचण्याचा प्रयत्न केला, पण तो अर्धवट राहिला. रशियातील कोला येथील विवर १२ किलोमीटरहून खोल गेले, तरी मोहो दूरच होती.