जेबीएल म्हणजे कोण?

गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीवर, थिएटरमधे पडद्यामागे आणि आता तर आपल्या प्रत्येक विंगमधे कुणाच्या ना कुणाच्या खिडकीत ठेवलेल्या ब्लूटूथ डब्यावर 'जेबीएल' ही तीन अक्षरं दिसतात. मी ईअँडटीसीचा विद्यार्थी, पण ही एका माणसाची आद्याक्षरं आहेत हे मला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या सिलॅबसमधे लाउडस्पीकर दोन पानांत उरकतात आणि त्या दोन पानांत माणूस कुठेच नसतो. म्हणून हा लेख.

जेम्स बी. लॅन्सिंगचा जन्म 14 जानेवारी 1902 रोजी अमेरिकेत इलिनॉय राज्यात झाला. मूळ आडनाव मार्टिनी. चौदा भावंडांतला हा नववा. लहानपणी त्याने लायडन जार बनवून मित्रांना शॉक दिले. पुढे घरच्या घरी रेडिओ ट्रान्समीटर बनवला, तर त्याचा सिग्नल म्हणे नौदलाच्या तळापर्यंत पोचला आणि तो उतरवायला लावला. त्याच्या घरच्यांनी सांगितलेली ही गोष्ट. कॉलेजची डिग्री वगैरे नाही. काही काळ मोटार मेकॅनिक म्हणून काम केलं, मग सॉल्ट लेक सिटीला गेला. तिथे त्याला केन डेकर भेटला. लॅन्सिंगने वस्तू बनवायची आणि डेकरने धंदा सांभाळायचा, अशी ही जोडी. 1927 मधे दोघांनी लॉस एंजेलिसला लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. त्याच सुमारास मार्टिनीचा लॅन्सिंग झाला.

त्यांचा पहिला माल म्हणजे रेडिओ सेटसाठी सहा आणि आठ इंची स्पीकर. आता इथे एक गंमत आहे. आपण म्हणतो की पॅसिव्ह स्पीकरला वेगळी वीज लागत नाही. पण तेव्हा ताकदवान कायम चुंबक स्वस्तात मिळत नसत, त्यामुळे स्पीकरमधे विद्युतचुंबक असे आणि त्याच्या फील्ड कॉइलला सतत डीसी द्यावा लागे. रेडिओ सेटमधे तर हीच कॉइल पॉवर सप्लायचा चोक म्हणूनही वापरत. म्हणजे आवाज अँप्लिफायरकडून, पण चुंबकाची वीज वेगळी!

बोलपट आले आणि 1930च्या दशकात एमजीएम स्टुडिओचा डग्लस शिअरर थिएटरमधल्या आवाजावर वैतागला. बासचा हॉर्न लांब, ट्रेबलचा आखूड, त्यामुळे टॅप डान्समधला एकच ठोका दोनदा ऐकू येई. शिअररने आपल्या विभागाची टीम कामाला लावली आणि ड्रायव्हर बनवायचं काम लॅन्सिंगच्या छोट्या कंपनीला दिलं. यातून शिअरर हॉर्न तयार झाला. 1936 सालासाठीचा अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार शिअरर आणि एमजीएमच्या साउंड विभागाला मिळाला. मग 1937 मधे लॅन्सिंगने तीच कल्पना छोटी करून 'आयकॉनिक' नावाचा टू-वे स्पीकर काढला. खाली 15 इंची वूफर, वर छोटा हॉर्न, क्रॉसओव्हर 800 हर्ट्झला.

हा क्रॉसओव्हर म्हणजेच आपल्या विषयाचं मूळ. पॅसिव्ह स्पीकरमधे तो अँप्लिफायरच्या नंतर येतो. साधा हिशोब करा. 8 ओहमचा स्पीकर, 800 हर्ट्झ, फर्स्ट ऑर्डर, म्हणजे सुमारे 1.6 मिलिहेन्रीची कॉइल आणि 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सगळी पॉवर यांच्यातून जाणार, थोडी कॉइलच्या रेझिस्टन्समधे गरम होऊन उडणार. शिवाय ड्रायव्हर काही शुद्ध 8 ओहमचा नसतो. फ्रीक्वेन्सीप्रमाणे त्याचा इंपीडन्स बदलतो आणि आपलं गणित हलतं. ॲक्टिव्हमधे सिग्नल आधीच, लहान असतानाच विभागतात आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अँप्लिफायर देतात. मधे कॉइल नाही, कपॅसिटर नाही, त्यामुळे अँप्लिफायरचा ड्रायव्हरवर थेट ताबा राहतो.

मग लॅन्सिंगच्या काळात घरोघरी असं का नाही केलं? कारण सोपं आहे. व्हॉल्व्हच्या जमान्यात वॅट महाग होता. एक अँप्लिफायर परवडायची मारामार, तिथे दोन कोण देणार? म्हणून त्याचं सगळं डोकं एकाच गोष्टीवर चाललं: मिळतील तेवढ्या वॅटमधून जास्तीत जास्त आवाज काढायचा. गोल तारेऐवजी चपटी पट्टी कडेवर उभी गुंडाळून व्हॉइस कॉइल बनवायची, म्हणजे चुंबकाच्या अरुंद फटीत जास्त धातू बसतो. हे काम त्याने चिकाटीने उत्पादनाच्या पातळीवर आणलं.

पण कंपनीचं नशीब बिघडलं. 1939 मधे डेकर विमान अपघातात गेला. हिशोब बघणारा माणूसच गेल्यावर कंपनी डबघाईला आली आणि डिसेंबर 1941 मधे अल्टेकने ती विकत घेतली. नवीन नाव अल्टेक लॅन्सिंग. पाच वर्षं तिथे काम करून 1946 मधे तो बाहेर पडला आणि पुन्हा स्वतःची कंपनी काढली. 'लॅन्सिंग' नावावर अल्टेकने हरकत घेतली, म्हणून नाव झालं जेम्स बी. लॅन्सिंग साउंड.

इथेच त्याचा डी-130 तयार झाला. 15 इंची कोन, 4 इंची व्हॉइस कॉइल आणि युद्धानंतर मिळू लागलेलं अल्निको-5 चुंबक, म्हणजे फील्ड कॉइलची कटकट संपली. सेन्सिटिव्हिटी एका वॅटला, एक मीटरवर, सुमारे 103 डेसिबल! आजचा घरातला छोटा स्पीकर 86च्या आसपास असतो. फरक 17 डेसिबल, म्हणजे जवळपास 50 पट. जो आवाज डी-130 एका वॅटमधे देतो, त्याला छोट्या स्पीकरला 50 वॅट हवेत.

स्पीकर एक नंबर, पण हिशोब शून्य. कर्ज वाढत गेलं. सप्टेंबर 1949 मधे, वयाच्या 47व्या वर्षी, लॅन्सिंगने आत्महत्या केली. त्याच्या नावाचा 10 हजार डॉलरचा विमा कंपनीच्या खात्यात आला. त्या पैशावर विल्यम थॉमस या सहकाऱ्याने कंपनी तगवली. पुढे लिओ फेंडरच्या गिटार अँप्लिफायरमधे डी-130 वाजला आणि 'जेबीएल' हे नाव जगभर गेलं. ते ऐकायला लॅन्सिंग नव्हता.

ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाला. 1960च्या दशकात जेबीएलनेच स्पीकरच्या पेटीत बसणारे अँप्लिफायर विकले. आज चिपवरचा क्लास डी अँप्लिफायर मेसच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो, म्हणून खिडकीतला तो डबा ॲक्टिव्ह आहे. रूम लहान असेल, वायरींचा पसारा नको असेल, तर ॲक्टिव्हच घ्या असं माझं मत. पण एक लक्षात ठेवा. ॲक्टिव्हमधला अँप्लिफायर गेला की बहुधा अख्खी पेटी गप्प. पॅसिव्ह पेटीला मात्र कुठलाही चांगला अँप्लिफायर जोडा, ती वाजते. त्या काळचे डी-130 आजही हौशी लोकांकडे वाजतायत.

मला मात्र हे सगळं वाचताना डेकरची आठवण जास्त येते. डेकर असेपर्यंत लॅन्सिंग फक्त स्पीकर बनवत होता. डेकर गेल्यावर त्याला स्पीकरही बनवावे लागले आणि सावकारांनाही तोंड द्यावं लागलं. आपल्यातही असे हुशार हात आहेत, जे लॅबमधे रात्र काढतात आणि केटी, फी, घरचं टेन्शन यातलं काहीच कुणाला सांगत नाहीत. अशा मित्राच्या रूमचं दार उगीचच एकदा वाजवा. आणि तो मित्र तुम्हीच असाल तर शेजारच्या रूममधे जा, वॉर्डन सरांकडे जा, घरी फोन करा. सर्किट कितीही अवघड असलं तरी दोघांनी बसून ट्रेस केलं की फॉल्ट लवकर सापडतो.