लोकवर्गणीतून चित्रपट घडविणारे जॉन अब्राहम

चित्रपट पाहणाऱ्या माणसानेच त्याचा निर्माता व्हावे, ही कल्पना केरळमध्ये १९८४ मध्ये प्रत्यक्षात उतरू लागली. दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोझिकोड येथे ‘ओडेसा’ ही सामूहिक चळवळ उभी केली. गावोगावी जायचे, चित्रपट दाखवायचे आणि जमलेल्या लोकांकडून मिळेल तेवढी वर्गणी घेऊन पुढच्या गावाची वाट धरायची, असा तिचा रिवाज होता. तिकीटखिडकी नाही, वितरक नाही आणि नफ्याचा हिशेबही नाही.

आजच्या प्रेक्षकाला जॉन अब्राहम म्हटले की हिंदी चित्रपटांतील अभिनेता आठवतो. त्याच नावाच्या या मल्याळी दिग्दर्शकाचा जन्म ११ ऑगस्ट १९३७ रोजी केरळच्या कुट्टनाड भागात झाला. पदवी घेतल्यानंतर त्यांनी आयुर्विमा महामंडळात नोकरी धरली. नेमणूक बेल्लारी येथे झाली. घरच्यांच्या दृष्टीने आयुष्य मार्गी लागले होते. मात्र काही वर्षांतच त्यांनी ही हक्काची नोकरी सोडली आणि थेट पुणे गाठले.

प्रभात स्टुडिओच्या जागेत उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळात ऋत्विक घटक शिकवीत होते. फाळणीची जखम पडद्यावर मांडणाऱ्या या बंगाली दिग्दर्शकाचा जॉन यांच्यावर खोल ठसा उमटला. मणी कौल आणि कुमार शहानी हेही घटक यांचेच विद्यार्थी. कौल यांच्या ‘उसकी रोटी’ या चित्रपटासाठी जॉन यांनी साहाय्यक म्हणून काम केले.

१९७२ मध्ये त्यांचा पहिला मल्याळम चित्रपट आला. त्यांचे नाव देशभर झाले ते १९७७ च्या ‘अग्रहारत्तिल कळुदै’ या तमिळ चित्रपटामुळे. आई गमावलेले गाढवाचे पिल्लू एक ब्राह्मण प्राध्यापक सांभाळतो आणि पुढे ते गावच्या अग्रहारात नेऊन ठेवतो. गावकरी त्या मुक्या जिवाचा बळी घेतात आणि नंतर त्याच्याच नावाने चमत्कार सांगू लागतात, अशी ही तिखट कथा. तिला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र सनातनी वर्गाचा रोष ओढवला आणि चित्रपटगृहांनी तिला जवळ केले नाही. सन्मान दिल्लीत झाला, पण ज्यांच्यासाठी चित्रपट केला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

ओडेसाचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर कळते. केरळला फिल्म सोसायट्या नवीन नव्हत्या. अदूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या साथीदारांनी १९६५ मध्ये तिरुवनंतपुरम येथे ‘चित्रलेखा’ स्थापन केली होती. परंतु सभासदत्वावर चालणाऱ्या सोसायट्यांचा वावर मुख्यतः शहरांत आणि सुशिक्षितांत होता. ओडेसाने पडदा थेट गावात नेला. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द किड’चे खेळ होऊ लागले. मूकपट असल्याने भाषेची अडचण नव्हती. खेळांबरोबर पथनाट्येही होत. जॉन यांनी स्वतः ‘नायकळी’ हे नाटक रस्त्यावर आणले होते.

या वर्गणीतून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण झाला. दिल्लीला निघालेल्या पुरुषन नावाच्या तरुणाला वायनाडच्या वाटेवर गळफास घेतलेल्या एका युवकाचा मृतदेह दिसतो. तो हरी नावाचा तबलावादक असल्याचे पुढे उलगडते. ही वार्ता हरीच्या आईला सांगण्यासाठी पुरुषन दिल्लीचा प्रवास सोडून कोचीकडे निघतो. वाटेत एकेक मित्र सोबतीला येतो आणि जथा वाढत जातो. सगळी कथा पुरुषनने स्वतःच्या आईला लिहिलेल्या पत्राच्या रूपात येते. केरळमधील प्रत्यक्ष जनआंदोलनांचे संदर्भही तिच्यात गुंफले आहेत. छायाचित्रण वेणू यांचे, तर संकलन बीना पॉल यांचे होते.

चित्रपट ज्या मार्गाने घडला, त्याच मार्गाने तो लोकांकडे परतला. खाणावळीतला कामगार असो की शाळेतला शिक्षक, ज्यांनी खिशातले चार पैसे दिले होते, त्यांच्याच गावांत त्याचे खेळ झाले. राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांच्या विशेष पारितोषिकानेही त्याची दखल घेतली गेली.

जॉन यांचे खासगी आयुष्य मात्र विस्कळीत होते. ठरलेला पत्ता नव्हता, मद्याचे व्यसन होते आणि मनात आखलेले अनेक चित्रपट कागदावरच राहिले. कय्यूरच्या शेतकरी लढ्यावरील त्यांचा प्रकल्पही अपुराच राहिला. स्वतःची घडी बसवू न शकलेल्या या माणसाने अनोळखी लोकांचा विश्वास मात्र सांभाळला. त्यांनी सोपविलेल्या पैशांतून चित्रपट पुरा करून दाखविला.

‘अम्मा अरियान’नंतर वर्षभरातच, मे १९८७ च्या अखेरीस, कोझिकोड येथे एका इमारतीवरून पडून ते गंभीर जखमी झाले आणि ३१ मे रोजी त्यांचे निधन झाले. ते ४९ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर पूर्ण लांबीचे अवघे चार चित्रपट आहेत. ओडेसाचे साथीदार मात्र पुढेही अनेक वर्षे गावोगावी पडदा लावत राहिले.