रेडिओच्या काळ्या वायरमागचा माणूस

भिवंडीत मी रेसच्या गाडीत टू-वे रेडिओ बसवतो, तेव्हा अँटेनाची वायर इग्निशनपासून लांबून नेतो. ही कोॲक्सियल केबल; तुमच्या डिश टीव्हीची असते तशीच. मधे तांब्याची तार, भोवती इन्सुलेशन, त्यावर जाळी. स्पार्क प्लगची खरखर जाळी बाहेरच अडवते.

या रचनेचं पेटंट १८८० मध्ये इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडने घेतलं. तेव्हा रेडिओ नव्हताच! १८५० मध्ये लंडनला गरीब घरात त्याचा जन्म. लहानपणी तापामुळे ऐकू कमी यायला लागलं. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. चोविसाव्या वर्षी तारेची नोकरी सोडून तो घरीच गणितात बुडाला. मॅक्सवेलची समीकरणं त्याने चारवर आणली. १९२५ मध्ये तो गेला.

कमी ऐकू येणाऱ्या माणसामुळे ड्रायव्हरला पिटमधला आवाज स्वच्छ ऐकू येतो. म्हणून जाळीचा जोड मी घाईत करत नाही.