सायकलपटू यूजेन क्रिस्तोफ

पनवेलवरून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता व त्यावरील सायकलींची शर्यत विचुंब्याच्या वाचकांस अपरिचित नाही. बोरघाट चढताना भल्याभल्यांचा दम उखडतो. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे; फ्रान्सच्या दक्षिण सीमेवरील पिरेनीज पर्वतातील तूर्माले खिंडीची उंची २,११५ मीटर भरते. त्या खिंडीच्या उतारावर ज्याच्या धैर्याची कसोटी लागली, त्या धंदेवाईक शर्यतपटूची हकीकत आम्ही येथे देत आहो.

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसलगतच्या मालाकॉफ गावी झाला. तो कुलुपे घडविण्याचा धंदा शिकला होता, व ही विद्या पुढे त्याच्या कामी आली. १९१० साली इटलीतील मिलान ते सान रेमो ही शर्यत भर हिमवर्षावात झाली. बहुतेकांनी ती अर्ध्यावर सोडली. क्रिस्तोफ मात्र बारा तासांहून अधिक वेळ झगडून पहिला आला आणि त्यापायी महिनाभर रुग्णालयात पडून राहिला. १९१२ साली तूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सच्या प्रदक्षिणेची शर्यत, तीत त्याचा दुसरा क्रमांक लागला.

पुढील वर्षी विजय त्याच्या आटोक्यात दिसत होता. ९ जुलै १९१३ रोजी बायोन ते ल्यूशाँ हा ३२६ किलोमीटरांचा टप्पा होता. तूर्माले उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. मोडलेले यंत्र स्पर्धकाने स्वहस्ते दुरुस्त करावे, कोणाचे साहाय्य घेऊ नये, असा त्या काळी नियम होता. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक पायी चालला व सेंत मारी द काँपां या खेड्यातील लोहाराच्या भट्टीशी पोहोचला. लोहाराने केवळ तोंडाने मार्ग सांगावा, आणि क्रिस्तोफने लोखंड तापवून, ठोकून चिमटा सांधावा, असे चालले होते. शर्यतीचे अधिकारी डोळ्यांत तेल घालून उभे होते. दोन्ही हात गुंतल्यामुळे एका पोराने भाता ओढला. तेवढ्यासाठी त्यास दहा मिनिटांचा दंड झाला, तो पुढे तीन मिनिटांवर आला. दंड नियमास धरून होता हे आम्हास मान्य आहे. परंतु ज्याचे जवळजवळ चार तास आधीच बुडाले, त्याच्याकडून आणखी मिनिटे वसूल करणे आम्हास क्षुद्रपणाचे वाटते. क्रिस्तोफ पुन्हा सायकलीवर बसला, टप्पा पुरा केला आणि अखेरीस सातवा आला.

नंतर महायुद्ध आले. १९१९ साली शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा आघाडीवरचा स्पर्धक दुरून ओळखू यावा म्हणून पिवळा सदरा देण्याची प्रथा पडली. तो सदरा प्रथम चढविण्याचा मान ग्रनोब्ल येथे चौतीस वर्षांच्या क्रिस्तोफला मिळाला. शेवटून दुसऱ्या टप्प्यात चिमटा पुन्हा मोडला! त्याने तो पुन्हा स्वतः सांधला, पण तासाहून अधिक वेळ गेला व तो तिसरा आला. हळहळलेल्या लोकांनी वर्गणी काढून त्यास तेरा हजारांहून अधिक फ्रँक दिले. १९२२ साली गालिब्ये घाटात तिसऱ्यांदा हाच प्रसंग ओढवला.

१९२५ पर्यंत तो ही शर्यत धावला. ती जिंकणे त्याच्या नशिबी नव्हते. १ फेब्रुवारी १९७० रोजी पॅरिस येथे तो वारला. त्याच्या हयातीतच, १९५१ साली, त्या भट्टीच्या जागी स्मृतिफलक बसविण्यात आला. पॅडलवरून पाय घसरू नये म्हणून लावावयाच्या क्लिपाही त्याच्या नावाने विकल्या जात, व ज्यांनी शर्यतीची हकीकत कधी ऐकली नव्हती अशा कित्येकांच्या पायांखाली ते नाव होते.