स्वामी रामानंद तीर्थ

मराठवाडा हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानाचे नाणे निराळे होते. त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजी राज्यातील सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये मोजावे लागत. जकातीची नाकीही निराळी. त्यांस करोडगिरी नाकी म्हणत. संस्थानातील सुमारे ४० टक्के जमीन जहागीरदारांकडे व निजामाच्या खाजगी मालमत्तेत, म्हणजे सर्फेखासात, होती. हा सारा डोलारा आपल्याच श्रमांवर उभा आहे, हे रयतेच्या सहसा ध्यानात येत नसे. ते तिला दाखवून देणारे पुढारी म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ होत.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुण्याच्या टिळक महाविद्यापीठात शिक्षण झाल्यावर ते कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करू लागले. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे ते काम त्यांना सोडावे लागले. १९२९ साली ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले आणि १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. संन्याशाने संसाराकडे पाठ फिरवावी, अशी रीत आहे. स्वामीजींनी मात्र भगवी वस्त्रे धारण करून लोकांच्या दुःखाकडे तोंड वळविले.

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे १९३८ साली लातूर व १९४१ साली उमरी येथे अधिवेशने झाली. त्यांतून रयतेची गाऱ्हाणी उघडपणे मांडली जाऊ लागली. १९३८ साली सरकारने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा स्वामीजींनी सत्याग्रह करून कारावास पत्करला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने धान्याची सक्तीची वसुली सुरू केली. तिला लेव्ही म्हणत. मोठा जमीनदार ओळखीपाळखीने सुटे. लहान शेतकऱ्याची कणगी मात्र रिकामी होई. वसुलीचा कायदा सर्वांना एकच होता, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. निजाम मात्र सामील होईना. त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकविल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या लढ्याने सरकारच्या तिजोरीलाच हात घातला. लोकांनी लेव्ही देण्याचे नाकारले. दारूवरील कर हे सरकारचे मोठे उत्पन्न होते, म्हणून शिंदीची झाडे तोडली. सीमेवरील करोडगिरी नाकी उठविली. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर क्रांतिकारकांनी छापा घातला. राज्याचे बळ केवळ फौजेत नसते. ते नाक्यावर, कोठारात आणि तिजोरीतही असते, हे सामान्य माणसाला कळून आले.

याच सुमारास निजाम सरकारने संस्थानात हिंदी चलनावर बंदी घातली. सोलापूर-बार्शीच्या बाजारपेठांशी व्यवहार करणाऱ्या सीमेवरील लोकांची त्यामुळे मोठी कोंडी झाली. त्याच सरकारने पाकिस्तानास हिंदुस्थान सरकारच्या रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपयांचे कर्ज देण्याचे ठरविले. ज्यांच्या कणगीतून धान्य उचलले जात होते, त्यांना याविषयी कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. रझाकारांच्या अत्याचारांनी तर गावेच्या गावे उजाड झाली.

१९४८ च्या जानेवारीत स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि त्यांचीही सुटका झाली. परंतु सत्ता बदलली एवढ्याने गरिबांचा भार हलका होत नाही, हे ते जाणून होते. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या व १९५० साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच वर्षी नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच्या स्थापनेत स्वामीजींचा मोठा वाटा होता.

स्वामीजी दोन वेळा लोकसभेवर निवडून आले. तरी त्यांची राहणी अखेरपर्यंत संन्याशाचीच राहिली. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. नांदेड येथील विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे. लेव्हीच्या धान्यासाठी ज्यांच्या कणग्या रिकाम्या झाल्या, त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेथे शिकत आहेत.